फियाटचा जीर्णोद्धार

मोटारींचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्याच्या फाटकापाशी थांबतात. कोणते मॉडेल कोणत्या साली आले, त्याला किती अश्वशक्तीचे इंजिन होते आणि ते केव्हा बंद पडले, एवढे सांगून झाले की त्यांचे काम संपते. गाडीचे आयुष्य मात्र त्या फाटकाबाहेर सुरू होते. आपल्याकडे तर ते फार लांबते. वीस वर्षे, तीस वर्षे, क्वचित पन्नास वर्षेही. एवढी वर्षे गाडी जिवंत ठेवतो तो कारखाना नव्हे, तर गावच्या तिठ्यावरचा मेस्त. या मेस्ताच्या कामाचा इतिहास कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हा छोटासा प्रयत्न. उदाहरणादाखल मी एकच गाडी घेतो, आपली फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. आणि त्या गाडीतही एकच गोष्ट, तिचे इंजिन.

माझ्या पिढीच्या गोमंतकीयांना फियाटची ओळख करून द्यायला नको. लग्नाची वरात, आजाऱ्याला इस्पितळात नेणे, जत्रेला जाणे, मुंबईहून आलेल्या पाहुण्याला स्टँडवरून घरी आणणे, सगळ्याला फियाट किंवा अँबेसेडर. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मागे चार आणि पुढे दोन माणसे सहज मावत, कारण गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी होता आणि पुढची सीट बाकासारखी सलग होती. पण त्या बॉनेटखाली काय होते आणि ते कुठून आले होते, याची चौकशी आपण फारशी केली नाही.

तुरिनपासून कुर्ल्यापर्यंत

ते इंजिन १९३७ सालचे. इटलीतील तुरिन शहरात फियाट कंपनीने त्या वर्षी ‘५०८ सी’ नावाची गाडी काढली. तिच्या आखणीमागे दान्ते जिआकोसा हा तरुण अभियंता होता. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. गुणाकार केला की १०८९ घनसेंटिमीटर येतात. हाच आकडा पुढे आपल्याकडच्या हजारो आरसी बुकांत लिहिला गेला. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे, व्हॉल्व्ह वरच्या बाजूस. दुसरे महायुद्ध होऊन गेले, इटलीत राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, तरी फियाटने हे इंजिन सोडले नाही. १९५३ मध्ये ‘११००’ ही नवी गाडी आली तेव्हा तिच्यातही, थोड्या सुधारणा करून, तेच इंजिन बसवले होते.

आपल्याकडची बाजू अशी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जोडणी होत असे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये भारत सरकारने धोरण ठरवले की, ज्यांना हळूहळू सगळे भाग येथेच बनवायचे आहेत त्यांनीच मोटारी काढाव्यात, नुसती जोडणी चालणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले बस्तान गुंडाळले. मैदानात थोड्याच कंपन्या उरल्या. प्रीमियर त्यांतली एक.

इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. आपल्याकडे १९६४ पासून त्या गाडीचा जो साचा चालू झाला, तो नावे बदलत राहिला. आधी फियाट ११०० डिलाइट, मग १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन तेच. विसावे शतक संपेपर्यंत ते बनत राहिले. म्हणजे महायुद्धाच्या आधी काढलेल्या आराखड्याचे इंजिन साठाहून अधिक वर्षे जगले. याला कुणी मागासलेपणा म्हणेल, आणि ते खोटेही नाही. स्पर्धा नव्हती, आयात बंद होती, नोंदणी करून गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबणारे गिऱ्हाईक होते. कंपनीला नवे इंजिन काढायचे कारणच नव्हते.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. आराखडा बदलला नाही म्हणून १९६५ च्या गाडीचे दुखणे १९९५ च्या मेस्ताला ठाऊक होते. बापाने शिकलेले काम मुलाला जसेच्या तसे उपयोगी पडले. एका गाडीचा भाग दुसरीला लागत होता. परवाना राजवटीने गिऱ्हाईकाला छळले हे खरे, पण त्याच राजवटीच्या पोटात दुरुस्तीची एक मोठी विद्या वाढली.

‘इंजिन काम’ म्हणजे काय

नवी गाडी मिळत नाही, मिळाली तरी परवडत नाही. मग आहे तिला पुन्हा उभे करायचे. गॅरेजच्या भाषेत याला ‘इंजिन काम’ म्हणतात. ‘गाडी ऑइल पिते’, ‘धूर सोडते’, ‘चढावावर ओढत नाही’, अशी तक्रार सुरू झाली की मेस्त ओळखायचा की वेळ आली.

होते काय, की पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली जाऊन जाऊन सिलिंडरच्या भिंती झिजतात. त्या सारख्याही झिजत नाहीत. वरच्या बाजूस अधिक, खाली कमी; एका अंगाला जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. गोल असलेले भोक किंचित लंबगोल होते. पिस्टनच्या रिंगा मग नीट बसत नाहीत. खालचे ऑइल वर चढून जळते, निळसर धूर निघतो आणि कॉम्प्रेशन जाते. आपल्या लाल मातीच्या रस्त्यांवर तर ही झीज लवकर व्हायची. हवेबरोबर धुळीचा कण आत गेला की तो पॉलिश पेपरसारखे काम करतो. खाणीच्या टापूतल्या टॅक्सींची इंजिने लवकर कामाला येत, असे जुने मेस्त सांगत, त्याचे कारण हेच.

यावर उपाय म्हणजे सिलिंडर पुन्हा कोरून गोल करायचे. याला ‘बोअर करणे’ म्हणत. भोक थोडे मोठे झाले म्हणून पिस्टनही थोडा मोठा घालायचा. असे वाढीव मापाचे पिस्टन बाजारात पायरी-पायरीने मिळत आणि त्यांच्या डोक्यावर ते माप छापलेले असे. जुने इंजिन उघडले की मेस्त आधी त्या आकड्याकडे बघायचा. आकड्यावरून त्याला कळे की हे इंजिन यापूर्वी किती वेळा उघडले आहे. झाडाच्या बुंध्यातली वर्तुळे मोजून वय सांगावे तसे.

आता गंमत पाहा. ६८ मिलिमीटरचे भोक कोरत कोरत ६९ मिलिमीटर झाले, तर इंजिन १०८९ चे राहत नाही, सुमारे ११२२ घनसेंटिमीटरचे होते. आरसी बुकात मात्र १०८९ च! कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांत अशी फारकत सुरू होते, आणि तीही पूर्णपणे कायदेशीर दुरुस्तीतून.

कोरण्यालाही मर्यादा आहे. भिंत पातळ झाली की ब्लॉक तापतो, तडकतो. मग त्या भोकात बिडाची नवी नळी दाबून बसवतात. ती ‘स्लीव्ह’. स्लीव्ह घातली की माप पुन्हा ६८ वर येते आणि नवे आयुष्य सुरू होते. बाहेरचा ब्लॉक तोच, त्यावरचा नंबर तोच, पण आत जिथे स्फोट होतो ती भिंत नवी. त्याच वेळी क्रँक घासून घेतला जाई आणि त्याला जाड बेअरिंग लावली जात. हेड तापून वाकले असेल तर ते प्लेन करायचे. घाटात पाणी उकळले की ॲल्युमिनियमचे हेड हमखास वाकायचे. व्हॉल्व्ह दळायचे काम शिकाऊ पोराकडे असे. लाकडी दांड्याला रबरी चकती लावून, दोन तळव्यांत दांडा घुसळत, पेस्ट लावलेला व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर तासन्‌तास फिरवायचा. गाडी जोडून झाली की पहिले हजारेक किलोमीटर सावकाश चालवायची ताकीद मिळे. मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी पाटी लावून डौलात हळू चाललेल्या गाड्या काही वाचकांना आठवत असतील. जुनी गाडी, पण थाट नव्या नवरीचा.

घाटापलीकडची लेथ

गोव्यात इंजिन उघडणारे आणि जोडणारे मेस्त भरपूर होते. बोअर करण्याची, क्रँक घासण्याची मोठी यंत्रे मात्र सगळीकडे नसत. त्यामुळे आपला संबंध घाटमाथ्याशी आला. बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूरचे उद्यमनगर या दोन वसाहतींची नावे आमच्या भागातल्या गॅरेजवाल्यांच्या तोंडी सासुरवाडीसारखी असत. या पट्ट्यात बिडाचे ओतकाम आणि लेथचे काम यांची परंपरा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचे दुकान थाटले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्या उद्योगाच्या आसपास आणि त्यानंतर कारागिरांच्या पिढ्या तयार होत गेल्या.

मी लहान असताना फोंड्याला आमच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर एक गॅरेज होते. तिथून पोत्यात गुंडाळलेला ब्लॉक किंवा क्रँक बेळगावच्या बसवर चढवताना मी अनेकदा पाहिले आहे. कंडक्टरच्या हातावर हमाली ठेवली जाई आणि चार दिवसांनी तोच ब्लॉक आतून आरशासारखा चकाकत परत येई. सोबत निळ्या शाईची एक चिठ्ठी असे, मापे लिहिलेली. मराठीत, म्हणजे ‘बोर’, ‘क्रान’, ‘बेरींग’ अशा मराठीत. गोवा, बेळगाव आणि कोल्हापूर यांना जोडणाऱ्या धाग्यांविषयी आपण बोलतो तेव्हा नाटक कंपन्या, गवई, कीर्तनकार यांची नावे घेतो. त्या यादीत ही पोतीही असायला हवीत, असे मला वाटते.

जेव्हा इंजिनच बदलावे लागले

आतापर्यंत सांगितले ते त्याच इंजिनाच्या दुरुस्तीचे. आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. एका गाडीत दुसऱ्याच गाडीचे इंजिन. हा प्रकार गोव्यात का बोकाळला, याला आपल्याकडे एक खास कारण आहे.

मुक्तीपूर्व काळात गोव्यात परदेशी मालाची आयात मोकळी होती. १९५० च्या दशकात भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा मुरगाव बंदरातून येणाऱ्या परदेशी मालावर गोव्याची भिस्त आणखी वाढली. त्याच सुमारास लोहखनिजाच्या निर्यातीतून पैसा खुळखुळू लागला होता. त्यामुळे मुंबईत फियाटसाठी रांग लागली असताना गोव्यात जर्मन, इंग्रज, फ्रेंच गाड्या धावत होत्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. आनंद तर होताच, पण मोटारींच्या बाबतीत त्याचा एक परिणाम असा झाला की भारताचे आयात-निर्बंध येथेही लागू झाले. गाड्या होत्या, सुटे भाग येईनात.

आमच्या वाड्यावरच्या एका टॅक्सीवाल्याकडे १९५० च्या दशकातली ओपेल रेकॉर्ड होती. तिचा क्रँक तुटला. भाग मिळण्याची आशा नव्हती. मेस्त म्हणाला, “पात्रांव, गाडयेक कांयच जावंक ना. फकत काळीज बदलूंया.” आणि त्याने अपघातात गेलेल्या अँबेसेडरचे इंजिन तिच्यात बसवले. पुढे कितीतरी वर्षांनी या दोन्ही इंजिनांची मापे माझ्या वाचनात आली आणि मी चकित झालो. त्या काळच्या ओपेलचे इंजिन १४८८ घनसेंटिमीटरचे आणि अँबेसेडरचे १४८९ चे! एकाचा फरक. पण आकड्यांवर जाऊ नये. ओपेलचे सिलिंडर ८० मिलिमीटर रुंद आणि धाव ७४ ची, म्हणजे ठेंगणे-रुंद. अँबेसेडरचे रुंदीला ७३ आणि धाव जवळजवळ ८९ ची, म्हणजे उंच-सडपातळ. कागदावर जुळी भावंडे, प्रत्यक्षात अंगलट अगदी वेगळी.

इथेच इंजिन बदलण्याच्या कामाची खरी कसोटी असते. इंजिन उचलून ठेवणे सोपे; बसवणे अवघड. माउंटिंगच्या जागा जुळत नाहीत, त्या कापून नव्या वेल्ड कराव्या लागतात. इंजिनाचे तोंड गिअरबॉक्सला बसत नाही, मग मध्ये जाड पत्र्याची चकती कातून घालायची. ती केसभर तिरकी झाली तरी क्लच चावतो. तेलाची टाकी खालच्या दांड्याला अडते. बॉनेट बंद होत नाही. गिअरबॉक्सही नवा घातला तर मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तोकडा किंवा लांब पडतो, मग तो कापून जोडून पुन्हा तोलावा लागतो. हे सगळे नकाशाशिवाय, सुतळीने मापे घेऊन आणि पत्र्यावर खडूने रेघा ओढून. त्या ओपेलने पुढे बरीच वर्षे धंदा केला. बाहेरून जर्मन, आतून भारतात बनलेली इंग्रज आणि चालवणारा गोंयकार!

कंपनीने केले की नवे मॉडेल

शिकलेली माणसे अशा कामाकडे ‘जुगाड’ म्हणून नाक मुरडतात. त्यांना मी एक गोष्ट सांगू इच्छितो. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. जपानी सुझुकीचे छोटे, ७९६ घनसेंटिमीटरचे, हलके इंजिन घेऊन ती आली आणि फियाट एका रात्रीत म्हातारी दिसू लागली. प्रीमियर कंपनीने काय केले? १९८५ मध्ये तिने ‘११८ एनई’ नावाची नवी गाडी बाजारात आणली. तिची बॉडी होती फियाट १२४ या १९६६ च्या गाडीची, साचे आणले स्पेनच्या सेआत कंपनीकडून आणि इंजिन होते जपानच्या निसानचे, ११७१ घनसेंटिमीटरचे. नावातल्या ‘एनई’चा अर्थच ‘निसान इंजिन’ असा सांगितला जातो. इटालियन देहात जपानी काळीज.

अँबेसेडरनेही तेच केले. मूळच्या इंग्रजी आराखड्याच्या त्या गाडीत १९९० च्या दशकाच्या आरंभी इसुझुचे १८१७ घनसेंटिमीटरचे इंजिन आले आणि टॅक्सीवाल्यांनी ते ‘इसुझू, इसुझू’ म्हणत मिरवले.

म्हणजे जे काम वाड्यावरच्या मेस्ताने केले तेच कंपनीने केले. कंपनीकडे अभियंते होते, चाचण्या होत्या, परवाने होते. तो फरक मोठा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण मूळ विचार एकच. देह चांगला आहे, काळीज थकले आहे, तर काळीज बदला. कंपनीने केले ते नवे मॉडेल ठरले आणि इतिहासात नोंदले गेले. मेस्ताने केले ते जुगाड ठरले आणि विसरले गेले.

डिझेलचा मोह

फियाटच्या टॅक्सींना १९८० आणि १९९० च्या दशकांत आणखी एक ओढ लागली, डिझेलची. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर फिरणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. मग पेट्रोलचे इंजिन काढून छोटे डिझेल इंजिन बसवण्याचा धंदा जोरात सुरू झाला.

मात्र फियाटला हे मानवणारे नव्हते, आणि त्याचे कारण तिच्या रचनेत आहे. जीपला खाली स्वतंत्र लोखंडी चासी असते. इंजिनाचे धक्के ती सोसते. फियाटला तशी वेगळी चासी नाही. तिचे पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. डिझेल इंजिन वजनाने जड आणि थरथरणारे. ते बसवले की पुढच्या स्प्रिंगा बसायच्या, ब्रेक अपुरे पडायचे आणि काही वर्षांत माउंटिंगजवळच्या पत्र्याला चिरा जायच्या. पैसे वाचत होते, पण देह झिजत होता. १९९६ मध्ये कंपनीने स्वतःच इटलीच्या एका कारखान्याचे १३६६ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन घालून पद्मिनी आणली, तोवर उशीर झाला होता.

मुंबईत प्रदूषणाविरुद्ध न्यायालयाचे आदेश आले आणि जुन्या टॅक्सींना सीएनजी घ्यावा लागला. तेच १०८९ चे इंजिन आता वायूवर चालू लागले.  मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतळांवरून अधिकृतपणे गेली. वर्तमानपत्रांनी तिला हळवा निरोप दिला. त्या निरोपात नटनट्या होत्या, सिनेमे होते, मुंबईचा पाऊस होता. तिची इंजिने पुन:पुन्हा उघडून जोडणाऱ्यांचा उल्लेख मला फारसा दिसला नाही.

‘मूळ’ कशाला म्हणायचे?

आता मी ज्या मुद्द्यासाठी हे सगळे लिहिले, त्याकडे येतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. २००० सालच्या दुरुस्तीने ते कडक झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितले. त्याच जातीचे इंजिन नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीने बदलता येते, इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवता येतो. पण ओपेलमध्ये अँबेसेडर घालणे आता बसणारे नाही. यामागची कारणे मला पटतात. चोरीच्या गाड्यांचे नंबर घासून इंजिने विकली जात. अपुऱ्या ब्रेकवर जड इंजिन म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. धुराचे तर विचारूच नका.

मला खटकते ते दुसरे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी या मानाला पात्र होते. अट अशी की ती मूळ रूपात असली पाहिजे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. वर्षभरातच नव्हे तर त्याच उन्हाळ्यानंतर, ऑगस्टमध्ये, जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरणही जाहीर झाले. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. जी गाडी जशीच्या तशी राहिली ती वारसा. जी बदलत बदलत जगली ती मोड.

पण पन्नास वर्षे मूळ इंजिन मूळ स्थितीत कुणाचे राहिले असेल? ज्याची गाडी गॅरेजात झाकून ठेवलेली होती त्याचे. ज्याला रोज ती चालवून पोट भरायचे नव्हते त्याचे. पोटासाठी धावलेल्या गाडीचे इंजिन उघडले जाणारच, बदलले जाणारच. म्हणजे वारशाची आपली व्याख्याच अशी झाली की न वापरलेल्या वस्तूला मान आणि वापरलेल्या वस्तूला भंगाराचा भाव.

गोमंतकीय माणसाला तरी हे विचित्र वाटायला हवे. आपली देवळे आठवा. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आले, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. स्थान बदलले, भिंती नव्या झाल्या, कळस नवे झाले, पुढे मंडप वाढले. आज कवळ्याला उभे आहे ते देऊळ अठराव्या शतकातले. म्हणून कुणी त्याला ‘मूळ नाही’ म्हणून कमी लेखत नाही. आपण त्याला जीर्णोद्धार म्हणतो आणि तो करणाऱ्यांची नावे दगडावर कोरतो. गाडी म्हणजे देऊळ नव्हे, हे मलाही कळते. पण एखादी वस्तू वापरात ठेवण्यासाठी तिचे थकलेले भाग बदलणे म्हणजे तिला भ्रष्ट करणे नव्हे, ही समज आपल्या अंगात मुरलेली आहे. ती मोटारीच्या दारात आल्यावर का विसरावी?

सरकारने अशा गाड्यांना रस्त्यावर मोकळे सोडावे, असे माझे म्हणणे नाही. धूर सोडणारे इंजिन थांबलेच पाहिजे. शिवाय कायद्याने आता विजेच्या मोटरचा मान्यताप्राप्त संच जुन्या गाडीत बसवण्याची वाट मोकळी ठेवली आहे. काही ठिकाणी जुन्या गाड्यांत बॅटरी आणि मोटर बसवणे सुरूही झाले आहे. त्यात पुन्हा तेच प्रश्न आहेत. वजन कुठे पडेल, माउंटिंग कसे जुळेल, पत्रा सोसेल का? हे प्रश्न आपल्या मेस्तांनी साठ वर्षे सोडवले आहेत. त्यांची विद्या लिहून ठेवली असती तर आज शिकणाऱ्या मुलांना पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करावी लागली नसती.

ती विद्या कागदावर अजिबात नाही असेही नाही. जुनी आरसी बुके आहेत. पुठ्ठ्याच्या बांधणीची ती छोटी वही, तिच्यात मालक बदलल्याच्या नोंदी, कर्ज फेडल्याचा शिक्का आणि एखाद्या पानावर ‘इंजिन बदलले’ अशी नोंद, नव्या नंबरासह. गॅरेजच्या हिशेबाच्या वह्या आहेत. बोअरिंगच्या चिठ्ठ्या आहेत. आरसी बुकाची जागा स्मार्ट कार्डाने घेतली तेव्हा या वह्या कपाटाच्या तळाशी गेल्या आणि गाडी भंगारात गेली की त्याही तिच्याबरोबर जातात. इतिहासाच्या अभ्यासकाला ताम्रपटाचे जे मोल, तेच मला या पानांचे वाटते. एका कुटुंबाने एक वस्तू किती वर्षे, किती कष्टाने जगवली, याचा तो लेखी पुरावा आहे.

वाचकांपैकी कुणाच्या घरी ‘जीडी’ने सुरू होणाऱ्या नंबराचे जुने आरसी बुक असेल तर ते टाकू नये. त्यातली इंजिन बदलल्याची नोंद शोधावी आणि ते काम कुणी केले, कुठे केले, काय खर्च आला, हे घरातल्या थोरांना विचारून त्याच पानाच्या मागे लिहून ठेवावे. त्या मेस्तांपैकी अनेकजण आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. विचारायचे असेल तर आताच.